चीनमधल्या हांगचौला ११ तासांचा लेओव्हर, सोबत वयस्कर माणसं: बाहेर पडावं का आणि पडलात तर कुठे जावं

प्रश्न थोडक्यात असा आहे की सिंगापूरहून ओसाकाला जाताना हांगचौला सकाळी ७ ला उतरायचं, पुढचं विमान संध्याकाळी ६ ला, एप्रिलचा दुसरा आठवडा, सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय, नवरा-बायको, सोबत सासू-सासरे आणि ९ वर्षांचा मुलगा, सासूबाईंचे गुडघे दुखतात, घर पूर्ण शाकाहारी, तर दिवसभर विमानतळावरच बसावं की बाहेर पडायची हिंमत करावी, आणि पडलो तर लिंगयिन हे बौद्ध मंदिर होईल का. माझं उत्तर आहे, नक्की बाहेर पडा. एप्रिलमधे वेस्ट लेक या इथल्या प्रसिद्ध तळ्याच्या काठावर चार तास मिळत असतील तर ते सोडून टर्मिनलच्या खुर्च्यांवर बसणं मला तरी बघवणार नाही.

मी मूळचा इचलकरंजीचा, कापडाच्या धंद्यात, आणि बरीच वर्षं केछियाओला राहतोय. केछियाओ म्हणजे शाओशिंगमधला कापडबाजार, आपले भारतीय व्यापारी तिथे भरपूर आहेत, आणि आमचा रोजचा विमानतळ हाच, हांगचौचा शियाओशान. त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले कोणी इथून पुढे जाणार असले की फोन मलाच येतो आणि जमेल तेव्हा मी स्वतः त्यांना तळ्यावर घेऊन जातो. सगळ्यांना पहिलं एकच सांगतो, एक जागा निवडा. लोक यादी घेऊन येतात, तळं, पॅगोडा, लिंगयिन मंदिर, चहाचे मळे, जुनी बाजारपेठ, कालवा, सगळं एका दिवसात, आणि मग निम्मा दिवस टॅक्सीत जातो. हे तळं चालत चालत, मधे मधे बसत बघायचं आहे. लेओव्हरमधे तळ्याची एक बाजू नीट झाली तरी खूप झालं.

आधी व्हिसाचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. तुम्ही ऐकलेली २४० तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत ५५ देशांच्या पासपोर्टला आहे, त्यात भारत नाही. सिंगापूरचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, असला तरी उपयोग नाही, बघतात तो पासपोर्ट. (अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असलेले आपले लोक त्या यादीत बसतात, त्यांनी ती सवलत जरूर घ्यावी आणि इथे आठवडाभर राहावं.) पण दुसरी सवलत आहे २४ तासांची आणि ती सगळ्या देशांच्या लोकांना आहे, भारतीयांनाही. अट एवढीच की तुम्ही एका देशातून येऊन दुसऱ्याच देशात जात असला पाहिजेत आणि पुढच्या विमानाचं कन्फर्म तिकीट २४ तासांच्या आतलं पाहिजे. सिंगापूर-हांगचौ-ओसाका बसतं, सिंगापूर-हांगचौ-सिंगापूर बसत नाही. हाँगकाँग आणि मकाऊ या हिशोबात वेगळे धरतात. विमानतळाच्या बाहेर पडायला इमिग्रेशनवर तात्पुरती प्रवेश परवानगी घ्यावी लागते, ती द्यायची की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. कागद नीट असतील तर बहुतेक वेळा विनाकटकट मिळते, पण हक्क म्हणून भांडायला जाऊ नका.

कागद म्हणजे पुढच्या तिकिटाची छापील प्रत, सगळ्यांच्या नावासकट, आणि जपानचा व्हिसा. मोबाईलवर दाखवता येतं पण छापील कागद असला की काम पटकन होतं, आणि पाच जणांचे पाच पासपोर्ट, पाच तिकिटं एकाच फोल्डरमधे ठेवा. खरी अडचण कधी कधी सिंगापूरच्या चेकइन काउंटरवर येते. तिथल्या माणसाला २४ तासांचा नियम माहीत नसला तर तो चीनचा व्हिसा मागतो. शांतपणे सांगा की हे २४ तासांचं ट्रान्झिट आहे, सिस्टीममधे बघा, सुपरवायझरला बोलवा. म्हणून चेकइनला नेहमीपेक्षा थोडं लवकर जा. तिथेच विचारा की सामान थेट ओसाकापर्यंत जातंय की हांगचौला घ्यावं लागणार. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर बहुधा थेट जातं पण विचारून घ्या, दोन वेगळी तिकिटं असतील तर हांगचौला सामान घेऊन क्लोकरूममधे ठेवायचं आणि त्यासाठी अर्धा तास धरून चालायचं.

उतरल्यावर आगमनाचा फॉर्म भरायचा, हल्ली तो ऑनलाइन आधीच भरता येतो, भरून ठेवा. बोटांचे ठसे देण्याची मशीनं असतात, ते करून ट्रान्झिटची पाटी असलेल्या काउंटरला जा, नेहमीच्या लांब रांगेत उभं राहू नका. पाटी सापडली नाही तर गणवेशातल्या कोणालाही "ट्वेंटीफोर अवर" म्हणून तिकीट दाखवा, बोट करून सांगतात. सासूबाईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागवा. त्यांना चालता येत असेल तरीही मागवा, इथे विमानापासून इमिग्रेशनपर्यंतच चालणं बरंच आहे आणि गुडघे तळ्यासाठी राखून ठेवायचे आहेत.

आता वेळेचा हिशोब. ७ ला विमान टेकलं तर सगळं आटपून बाहेर यायला सव्वाआठ-साडेआठ. शहर साधारण २७ किलोमीटरवर, तळ्याच्या काठावर पोचायला सकाळच्या ट्रॅफिकमधे तास धरा, म्हणजे साडेनऊ. संध्याकाळी ६ चं आंतरराष्ट्रीय विमान, वयस्कर माणसं सोबत, तर ३ वाजता तुम्ही परत टर्मिनलमधे असायला पाहिजे, म्हणजे तळ्यावरून पावणेदोनला निघायचं. ११ तासांचे हातात सव्वाचार तास राहिले, पण ते निवांत सव्वाचार तास आहेत. आणि एक मर्यादा आत्ताच ठरवून ठेवा, विमान लेट झालं किंवा इमिग्रेशनला अडकलात आणि साडेदहापर्यंत विमानतळाच्या दाराबाहेर पाय पडला नाही तर तळ्याचा नाद सोडायचा, तेव्हा काय करायचं ते खाली लिहिलंय. असं आधी ठरलेलं असलं की तिथे उभं राहून घरच्या घरी वाद होत नाहीत.

पैशांचं. हांगचौ हे अलीबाबा या ऑनलाइन कंपनीचं गाव, मोबाईलवरून पैसे द्यायचं अलीपे हे अ‍ॅप इथलंच, त्यामुळे फुलवाल्या आजीबाईंपासून सगळे क्यूआर कोडवर घेतात. तुम्ही सिंगापूरला आहात म्हणून अलीपे सहज डाउनलोड होईल, घरूनच पासपोर्ट आणि कार्ड जोडून ठेवा, इथे येऊन करायला गेलात तर ओटीपीच्या मागे लागून वेळ जातो. परदेशी कार्ड जोडलं असेल तर २०० युआनच्या आतल्या व्यवहाराला जादा आकार नाही, वर गेलं की ३ टक्के लागतात, तेव्हा मोठं बिल दोन भागात देता आलं तर बघा. भारतातून येणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, २०२० मधे आपल्याकडे ज्या चिनी अ‍ॅप्सवर बंदी आली त्यात वीचॅट आहे, अलीपेही आहे. त्यांनी सरळ रोख युआन आणावेत. दुकानदार रोख नाकारू शकत नाही असा इथे नियम आहे, फक्त सुट्टे नसतात त्यांच्याकडे, म्हणून १० आणि २० च्या नोटा मागून घ्या. तुम्हीही अलीपे असलं तरी तीनचारशे युआन रोख ठेवा.

इंटरनेटचं एवढंच की विमानतळाच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल चालत नाही, पण तुमच्या सिंगापूरच्या सिमवर रोमिंग घेतलंत तर चालतं. गुगल मॅपच्या भरवशावर फिरू नका, रस्ते सरकलेले दिसतात. आयफोनचा स्वतःचा मॅप इथे उत्तम चालतो, किंवा अमॅप हे चिनी मॅपचं अ‍ॅप घ्या, त्यात आता इंग्रजी आहे.

जायचं कसं? तुम्ही एकटे-दुकटे असता तर मी मेट्रो सांगितली असती. विमानतळाला १, ७ आणि १९ अशा तीन लाइन लागतात, १९ नंबरची एक्सप्रेस पूर्वेच्या मोठ्या रेल्वे स्टेशनला नेते, तिथून १ नंबर पकडून लुंगशियांगछियाओ स्टेशनला उतरलं की तळं पाच-सात मिनिटांवर. ७ नंबर बदल न करता वूशान चौकापर्यंत जाते, तो चौक तळ्याच्या आग्नेयेला, जुन्या बाजारपेठेजवळ. १ नंबर विमानतळावरून थेट लुंगशियांगछियाओला जाते खरी पण शियाशा या भागावरून मोठा वळसा घालून. तिकीट अगदी स्वस्त, दहा युआनच्या आसपास. पण तुम्ही पाच जण, त्यात गुडघे, तर टॅक्सीच करा. पाच जण एका साध्या टॅक्सीत बसत नाहीत, चारच घेतात, म्हणून अलीपेच्या आतच दीदी नावाची गाडी मागवायची सेवा आहे त्यातून सहा सीटची गाडी मागवा. साध्या गाडीला शंभर ते दीडशे युआन पडतात, मोठीला त्याहून जास्त, पाच जणांत ते काही नाही. आगमन कक्षात "टॅक्सी? टॅक्सी?" करत जे मागे लागतात त्यांच्याकडे बघू पण नका.

ड्रायव्हरला सांगायचं "दुआन छियाओ", म्हणजे तुटका पूल, तळ्याच्या ईशान्य टोकाला. पूल तुटलेला नाही, धडधाकट आहे, नाव जुनं आहे. इथूनच सुरुवात करा असं मी सांगतो कारण इथून बाइ बांध सुरू होतो, जेमतेम एक किलोमीटर, पुलांचे उंचवटे सोडले तर सपाट, दोन्ही बाजूला पाणी, आणि एप्रिलमधे काठाला एक पीच एक विलो, एक पीच एक विलो अशी झाडं फुटलेली असतात. बांधाला नाव बाइ च्यूयी या कवीचं, तो ८२२ साली इथे राज्यपाल म्हणून आला होता, त्याने बांधलेला बांध खरं तर दुसरीकडे होता आणि तो आता राहिला नाही, पण लोकांनी नाव याला देऊन टाकलं. बाकांची चिक्कार सोय आहे. सासूबाईंनी एका बाकावर बसायचं, तुम्ही पुढे जाऊन फोटो काढून यायचं, परत उठायचं, पुढच्या बाकापर्यंत. चालवतच नसेल तर तळ्याभोवती बॅटरीच्या उघड्या गाड्या फिरतात, हात केला की थांबतात, टप्प्याप्रमाणे पैसे, तेही फार नाहीत. तळ्याला तिकीट नाही हेही सांगून ठेवतो, २००२ पासून काठाचे बागबगिचे सगळे मोकळे केलेत. त्या काळात इथली बाकीची शहरं आपापल्या जागांचे दर वाढवत होती आणि यांनी कुंपणं काढली, मला या गोष्टीचा फार आदर वाटतो. २०११ मधे युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं तरी तिकीट लावलं नाही.

बांध संपला की कूशान नावाचं बेट येतं, तिथल्या धक्क्यावरून मोठी बोट पकडायची आणि तळ्याच्या मधल्या बेटावर जायचं, शियाओयिंगचौ. माणशी पन्नास ते सत्तर युआनच्या दरम्यान पडतं, त्यात बोट आणि बेट दोन्ही. हे मात्र सोडू नका. बेटाच्या पोटात परत तळी आहेत, त्यावर नागमोडी पूल, कमळाची पानं एप्रिलमधे नुकती वर येत असतात, आणि बेटाच्या दक्षिणेला पाण्यात तीन दगडी दिवे उभे आहेत. मुलाच्या हातात एक युआनची नोट द्या, मागच्या बाजूला हेच तीन दिवे छापलेत, नोट धरून ती जागा शोधायला सांगा, मुलं यात रमतात. प्रत्येक दिव्याला पाच गोल खिडक्या, मध्य-शरद पौर्णिमेला आत मेणबत्ती लावून खिडक्यांवर कागद चिकटवतात आणि पाण्यात चंद्रच चंद्र दिसतात.

या दिव्यांमागची गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, कारण ती कळली की तळं वेगळं दिसायला लागतं. १०८९ साली सू तुंगपो इथे अधिकारी म्हणून दुसऱ्यांदा आला. तो मोठा कवी, चिनी माणसाला त्याच्या ओळी तोंडपाठ असतात, पण इथे त्याने केलं ते काम गाळ काढण्याचं. तळं निम्मं पाणवनस्पतीने आणि गाळाने भरून आलं होतं, असंच राहिलं तर थोड्या वर्षांत तळंच उरणार नाही असा अर्ज त्याने दरबारात पाठवला. शहराचं पिण्याचं पाणी, शेतीचं पाणी, कालव्याचं पाणी, सगळं याच्यावर अवलंबून आहे हे मुद्देसूद मांडलं. मंजुरी आल्यावर दोन लाख मजूर-दिवसांचं काम काढलं. आता काढलेला गाळ टाकायचा कुठे, तर तळ्यातच दक्षिणोत्तर ओळीने टाकून त्याचा रस्ता केला, २.८ किलोमीटर, त्यावर सहा पूल, तोच आजचा सू बांध. आणि गाळ परत साठू नये म्हणून काठाकाठाचं पाणी शिंगाडा लावणाऱ्यांना भाड्याने दिलं, कारण शिंगाडेवाला स्वतःच्या पिकासाठी तण काढतोच. शिंगाड्याची लागवड खोल पाण्यात सरकू नये म्हणून हद्द दाखवायला दगडी खांब रोवले, त्यांचीच पुढे ही तीन दिव्यांची जागा झाली, आत्ता दिसतात ते १६२१ चे, मिंग राजवटीतले. आपल्याकडे तलावांच्या गाळाचं काय होतं हे आपण बघतोय, म्हणून बेटावरून पश्चिमेला ती झाडांची लांबलचक हिरवी रेघ दिसेल ना, ती दाखवून मी सांगतो, हा जवळजवळ साडेनऊशे वर्षांपूर्वी काढलेला गाळ आहे आणि त्यावरून आज माणसं सकाळी पळायला जातात.

बेटावरून परतीची बोट पूर्व काठाला, हूपिनला, जाणारी बघून चढा. बोटी वेगवेगळ्या धक्क्यांना जातात, चढण्याआधी माणसाला "हूपिन?" विचारा. बोटीतून दक्षिणेला टेकडीवर पॅगोडा दिसतो तो लेइफंग. मूळचा दहाव्या शतकातला, लोक शुभ म्हणून त्याच्या विटा काढून काढून नेत राहिले आणि १९२४ च्या सप्टेंबरमधे तो कोसळला, आता आहे तो २००२ मधे नव्याने बांधलेला, आत जुन्याचे अवशेष जपून ठेवलेत. पांढऱ्या नागिणीची कथा याच्याशी जोडलेली आहे, माणसावर प्रेम करणाऱ्या नागिणीला या पॅगोड्याखाली कोंडलं होतं म्हणतात, आणि ती दोघं पहिल्यांदा भेटली ती तुटक्या पुलावर. तुमच्या मुलाला ही गोष्ट पुलावरच सांगा. पॅगोड्याला सरकते जिने आणि लिफ्ट आहे, म्हणून गुडघे अगदीच नाही म्हणत असतील तर बांध न चालता टॅक्सीने थेट तिथे जा, वरून सगळं तळं दिसतं. पण मग बोट आणि बेट होणार नाही, वेळ पुरत नाही. मला विचाराल तर बेट.

जेवण हूपिनला उतरल्यावर. इथलं प्रसिद्ध खाणं तुमच्या कामाचं नाही, तुंगपो मांस, व्हिनेगरमधला मासा, सगळं तसलंच. पण बौद्धांमुळे शाकाहार इथे लोकांना कळतो, "वो छ्र सू" म्हणा, मी शाकाहारी आहे, आणि सोबत चिनीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा की मांस, मासे, डुकराची चरबी, चिकनचं पाणी यातलं काही नको, कारण दिसायला नुसती भाजी असते आणि फोडणी चरबीची असते. मॅपवर शाकाहारी रेस्टॉरंट शोधा, तळ्याच्या आसपास आहेत, मंदिरांच्या परंपरेतली जी असतात तिथे कांदा-लसूणही नसतो, सासूबाईंना चतुर्थी-बितुर्थी असली तरी चालेल. गोडात कमळाचा कंद चिकट भात भरून शिजवतात आणि वर ओस्मान्थसच्या फुलांचा पाक, तो जरूर खा. कमळकंदाची गरम खीर पण मिळते, म्हणजे पिठात उकळतं पाणी ओतून ढवळलेली, वयस्कर माणसांना आवडते, पचायला हलकी. घरून चिवडा, दशम्या, लाडू आणा, चालतात, पण ताजी फळं आणि दहीभात आणू नका, फळं आणि दुधाचे पदार्थ कस्टम्सला काढून घेतात. टॉयलेटसाठी टिश्यू जवळ ठेवा, बागांमधली टॉयलेट स्वच्छ असतात पण बसण्याची भारतीय पद्धतीची जास्त, कमोड हवा असेल तर दिव्यांगांसाठीचा वेगळा दरवाजा बघा.

आता लिंगयिनबद्दल लिहितो, कारण तुम्ही विचारलंय आणि कारण ती जागा माझ्या फार जवळची आहे. या वेळेला नको म्हणतोय ते फक्त गुडघ्यांमुळे आणि वेळेमुळे, तळ्यावरून तिथे जायचं म्हणजे डोंगराच्या बाजूला आत शिरायचं, गर्दी, पायऱ्या, आणि ओलसर दगड. पण ज्याचा लेओव्हर चौदा-पंधरा तासांचा आहे, पाय धड आहेत, त्याने तळ्याआधी तिथे जावं. इसवी सन ३२८ च्या सुमाराला हुइली नावाचा भारतीय भिक्षू इथे आला, मंदिराची स्थापना त्याचीच. समोरचा डोंगर बघून तो म्हणाला की हा तर आमच्या मगधातल्या गृध्रकूट पर्वताचा तुकडा, इथे कधी उडून आला? लोकांना पटेना, तेव्हा त्याने सांगितलं की तिकडे या डोंगराच्या गुहेत वानर राहायचे, आणि हाक मारली, तर गुहेतून वानर बाहेर आले, अशी कथा. डोंगराचं नाव तेव्हापासून फेइलाइ फंग, उडून आलेलं शिखर. गंमत अशी की आजूबाजूच्या टेकड्या वालुकाश्माच्या आणि हा एकटा चुनखडीचा, म्हणून आकार, कपारी, गुहा सगळंच वेगळं दिसतं, सतराशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नजरेला तो फरक बरोबर दिसला होता. त्या चुनखडीत दहाव्या ते चौदाव्या शतकापर्यंत कोरलेल्या तीनशेहून जास्त बुद्धमूर्ती आहेत, त्यात पोट सुटलेला हसरा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध, सगळ्यांच्या ओळखीचा, पण मला ओढ्याच्या काठाच्या छोट्या मूर्ती जास्त आवडतात, शेवाळलेल्या. वेरूळ, कान्हेरी बघितलेल्या मराठी माणसाला इथे फार आतून ओळख पटते. हुइलीच्या अस्थी ठेवलेला छोटा दगडी स्तूप पायथ्याशीच आहे, लोक त्याच्यासमोरून हसऱ्या बुद्धाकडे घाईने निघून जातात, तुम्ही जाल तेव्हा तिथे दोन मिनिटं थांबा. जायच्या आधी ऑनलाइन बुकिंग लागतंय का ते बघून घ्या, गर्दीच्या दिवसात वेळ घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

एप्रिल म्हणजे लुंगचिंग या इथल्या प्रसिद्ध हिरव्या चहाचा हंगाम. ५ एप्रिलच्या सुमाराला छिंगमिंग सण असतो, त्याच्या आधी खुडलेला चहा सगळ्यात भारी आणि सगळ्यात महाग. तळ्यावर कोणी गोड बोलून "चहाचं गाव दाखवतो, फुकट" म्हणालं तर जाऊ नका, तिथे नेऊन अर्धा किलो गळ्यात मारतात. चहा प्यायचाच असेल तर काठावरच्या चहाघरात बसून काचेच्या पेल्यात मागवा, पानं तशीच पाण्यात उभी तरंगतात, संपला की गरम पाणी परत ओतून देतात, एका पेल्यावर तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही. विकत घ्यायचा तर दरपाटी लावलेल्या दुकानातून पन्नास ग्रॅम.

विमान लेट होऊन साडेदहा उलटले, किंवा मुळातच सात-आठ तासांचा लेओव्हर आहे, तर ७ नंबर मेट्रोने ऑलिम्पिक स्पोर्ट्स सेंटर स्टेशनला जा, तळ्यापेक्षा पुष्कळ अलीकडे आहे. छियानथांग नदीच्या काठावर कमळाच्या आकाराचं ८० हजार क्षमतेचं स्टेडियम आहे, २०२३ च्या एशियन गेम्सचं. बीडच्या अविनाश साबळेने १ ऑक्टोबरला ८ मिनिटं १९.५० सेकंदात ३००० मीटर स्टीपलचेसचं सोनं घेतलं ते इथेच. त्याच गेम्समधे नागपूरच्या ओजस देवतळेने तिरंदाजीत तीन सुवर्णपदकं आणि साताऱ्याच्या अदिती स्वामीने सांघिक सुवर्ण घेतलं, ते मैदान दूर फूयांगला आहे. मुलाला खेळाचं वेड असेल तर त्याला हे तळ्यापेक्षा जास्त आवडेल. नदीकाठ सपाट, मोकळा, गर्दी कमी. आणि सहा तासांच्या आतला लेओव्हर असेल तर बाहेर पडूच नका, २०२२ मधे सुरू झालेलं चौथं टर्मिनल छान आहे, वर कमळासारखे उमललेले खांब, हात-पाय पसरायला जागा.

हवेचं, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साधारण स्वेटर लागेल न लागेल असं, पाऊस कधीही, पाच छत्र्या नाही तर पातळ रेनकोट हातातल्या बॅगेत ठेवा, चेकइनच्या सामानात नको. पावसात तळं वाईट दिसत नाही, उलट डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा पावसातच नीट दिसतात, फक्त बांधाऐवजी चहाघरात जास्त बसा. इतर वाचणाऱ्यांसाठी, १ मे ची सुट्टी आणि १ ते ७ ऑक्टोबर या दिवसात तळ्याकडे फिरकू नका, तुटक्या पुलावर माणूस माणसाला चिकटून चालतो आणि लुंगशियांगछियाओला मेट्रो थांबतसुद्धा नाही. जुलै-ऑगस्टला कमळं फुललेली असतात पण ऊन पस्तीसच्या वर, वयस्कर माणसांना दुपारी नकोच.

परत निघताना पावणेदोन म्हणजे पावणेदोन. गाडी दीड वाजताच मागवून ठेवा, हूपिनला रस्त्यावर कुठेही थांबू देत नाहीत, मॅपवर जो पिकअपचा खांब दाखवतो तिथेच जायचं. जोराचा पाऊस असेल किंवा गाडी मिळत नसेल तर वेळ न घालवता १ नंबर मेट्रोत बसा, वळशाने का होईना पण बदल न करता विमानतळ, सव्वातास धरा. मेट्रोत बॅगा स्कॅन करतात, पाण्याच्या बाटलीतला एक घोट प्यायला लावतात. पॉवरबँकवर क्षमतेचे आकडे स्पष्ट छापलेले असू द्या, पुसलेले असतील तर विमानतळाच्या सिक्युरिटीला काढून घेतात, लायटर तर कुठलाच चालत नाही. आत आल्यावर आधी बोर्डवर ओसाकाच्या विमानाची वेळ बघा. ते जर रात्रीतून पुढे ढकललं गेलं आणि तुमचे सकाळी उतरल्यापासूनचे २४ तास ओलांडले जाण्याची शक्यता दिसली तर परवानगीचा कागद घेऊन लगेच एअरलाइनच्या काउंटरला जा, त्यांना इमिग्रेशनशी बोलायला लावा, २४ तास संपायच्या आधी बोललात तर ते सोपं जातं.